हर्पीसनं पेशीतलं जनुक ‘चालू केलं’ म्हणजे नक्की काय केलं? (आण्णांच्या डोळ्यापासून सुरू झालेला धागा)

कृष्णाकाठ, सांगली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आण्णांना तीन दिवस सडकून ताप आला. ताप उतरला आणि वरचा ओठ उतला. आमच्याकडं याचं कुणाला फार काही वाटत नाही. ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणायचं, तूप लावायचं, आठवड्यात खपली पडते. पण आठवड्यानं त्यांचा उजवा डोळा लाल झाला. औषधाच्या दुकानातून थेंबांची एक बाटली आणली. दोन दिवसांत लाली गेली, घरात सगळे निर्धास्त झाले. पाचव्या दिवशी त्यांना त्या डोळ्यानं पेपरातला मथळाही वाचता येईना. तेव्हा मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी पापणीच्या आत रंगाची कागदी पट्टी टेकवली, खोलीतला दिवा घालवला आणि यंत्रातला निळा उजेड डोळ्यावर सोडला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे त्यांना माहीत होतं. “या, तुम्हीच बघा,” म्हणाले. बुबुळाच्या काचेवर हिरवी चमकणारी एक फांदी होती. खोडाला फाटे, फाट्यांना आणखी फाटे, आणि प्रत्येक टोकाला बारीक गोंडा. पुस्तकातलं हे चित्र मी कित्येक वर्षं फळ्यावर काढत आलेय. स्वतःच्या वडिलांच्या डोळ्यात ते बघताना पाय लटपटले.

हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १. ओठावर फोड आणणारा तोच विषाणू. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं सूज दबली म्हणून लाली गेली, पण सूज ही शरीराची लढाई असते. लढणारेच मागं हटवल्यावर विषाणूला रान मोकळं झालं. (कृपा करून लाल डोळ्यात कुणाच्या सांगण्यावरून थेंब घालू नका. एवढं एकच वाचून कुणी धागा बंद केला तरी चालेल.)

मूळ विषय त्याच महिन्यातला आहे. माझी एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी हर्पीसची लागण झालेल्या मानवी पेशींची माहिती घेऊन बसली होती. अशा प्रयोगांची कच्ची माहिती जगातल्या कुणालाही फुकट उतरवून घेता येते, त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. निरोगी पेशीत कोणत्या जनुकाचा किती आरएनए (म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रत) आहे आणि लागणीनंतर काही तासांनी किती, याची तुलना करायची. तिनं यादी काढली. लागणीनंतर ‘चालू झालेली’ शेकडो जनुकं! त्यातली काही अशी, की त्या पेशीत ती असण्याचं काही कारणच नव्हतं. आम्ही दोघी हरखून गेलो. मी विभागात सांगूनही आले.

मग एका संध्याकाळी तिनं यादीतल्या पहिल्या जनुकाचा नकाशा पडद्यावर उघडला. या नकाशात गुणसूत्र आडवं पसरलेलं असतं, आणि जिथून आरएनए तयार झाला तिथं उंचवटा दिसतो. निरोगी पेशीत जनुक सुरू होतं तिथं उंचवटा चढतो आणि जनुक संपल्यावर थोड्या अंतरात जमिनीला टेकतो. लागण झालेल्या पेशीत आमच्या जनुकाच्या जागी उंचवटा होता खरा, पण त्याला सुरुवातच नव्हती. तो डावीकडून, शेजारच्या जनुकातून आला होता. शेजारचं संपलं तिथं उतरायला हवा होता तो उतरलाच नाही. मधली मोकळी जागा ओलांडून आमच्या जनुकावरून तसाच पुढं गेला होता.

आमचं जनुक चालू झालंच नव्हतं. शेजारचं थांबलं नव्हतं.

मला याच्यावर बोलायचंय. ‘विषाणूनं अमुक जनुक चालू केलं’ असं वाक्य बातम्यांत, भाषणांत, प्रबंधांतही सर्रास येतं. त्या एका क्रियापदात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

---

बेदाणा, तासगाव तालुका

ताई, आण्णांचा डोळा आता कसा आहे ते आधी सांगा.

मी द्राक्षबागायतदार, बारावी सायन्सपर्यंत शिकलेला. एक शंका आहे. विषाणू पेशीत शिरला की पेशीचं स्वतःचं काम बंद पाडतो असं आम्हाला शिकवलं होतं. मग पेशीची जनुकं चालू होण्याचा प्रश्न कुठून आला? बंद पाडतो का चालू करतो?

---

कृष्णाकाठ

बेदाणा, आण्णा बरे आहेत. असायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाचं मलम दिवसातून पाच वेळा, वेळ न चुकवता. फांदी पुसत गेली. आता चष्मा लावून पेपर वाचतात.

तुम्हाला शिकवलं ते बरोबरच आहे. हर्पीस दोन्ही करतो, आणि एकाच वेळी.

आधी तो आत कसा शिरतो ते सांगते, कारण पहिली कळ तिथंच दाबली जाते. विषाणूचा डीएनए साधारण दीड लाख अक्षरांचा, त्यात ८० च्या आसपास जनुकं. तो एका कवचात बंद असतो. कवच आणि बाहेरचं आवरण यांच्या मधल्या जागेत विषाणूनं काही प्रथिनं शिदोरीसारखी बरोबर आणलेली असतात. आवरण पेशीला चिकटून उघडलं की शिदोरी आत सांडते. कवच पेशीच्या आतल्या दोरखंडांवरून केंद्रकापर्यंत नेलं जातं आणि केंद्रकाच्या छिद्रातून डीएनए आत सोडला जातो.

शिदोरीतलं एक प्रथिन व्हीपी-१६. त्याला एकट्यानं विषाणूची जनुकं सुरू करता येत नाहीत. ते पेशीचीच दोन प्रथिनं बरोबर घेतं, एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१. परक्या माणसाला गावात कुणी विचारत नाही, पण गावातली दोन माणसं सोबत असली की तलाठ्याकडं काम होतं, तसं समजा. हे तिघं मिळून विषाणूच्या पहिल्या जनुकांच्या दाराशी बसतात आणि पेशीचीच वाचणारी यंत्रणा, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, तिथं बोलावतात. मग विषाणूची जनुकं पाळीपाळीनं उघडतात: आधी अगदी तातडीची, मग डीएनएच्या प्रती काढणारी, शेवटी कवच-आवरण बांधणारी. ही पाळी बर्नार्ड रॉइझमन आणि रॉबर्ट होनेस यांनी १९७४ सालीच मांडली.

आता बंद पाडणं. शिदोरीतलंच दुसरं एक प्रथिन आल्या आल्या पेशीचे एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचे निरोप, तोडायला लागतं. नंतर पॉलिमरेजही पेशीच्या गुणसूत्रांवरून मोठ्या प्रमाणात विषाणूच्या डीएनएकडं ओढलं जातं. म्हणजे जुना माल नासतो आणि नव्याची आवक घटते.

आणि याच गोंधळात आयसीपी-२७ नावाचं तातडीचं प्रथिन तिसरं काम करतं. पेशीत कुठलाही एमआरएनए तयार होताना शेवटी एक खूण येते. तिथं तो कापला जातो, त्याला शेपूट लावलं जातं, आणि त्यानंतर पॉलिमरेज डीएनएवरून उतरतं. आयसीपी-२७ या कापणाऱ्या यंत्रणेतच हात घालतं. कापलंच नाही, तर उतरायचं कधी हे पॉलिमरेजला कळत नाही. ते चालतच राहतं. विषाणूच्या स्वतःच्या जनुकांच्या शेवटाला मात्र वेगळी अक्षररचना असते, तिथं हेच प्रथिन उलट कापायला मदत करतं.

२०१५ साली लार्स डोल्कन आणि कॅरोलिन फ्रीडल यांच्या गटांनी मानवी त्वचेतल्या पेशींत हे पहिल्या आठ तासांत टप्प्याटप्प्यानं मोजलं. खूण ओलांडून वाचन दहा-दहा हजार अक्षरं आणि त्याहून पुढं जात होतं, पुढच्या जनुकांत घुसत होतं. शेकडो जनुकं चालू झाल्यासारखी दिसत होती, पण त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नव्हतं. रायबोसोम, म्हणजे प्रथिन बांधणारी यंत्रं, त्या आरएनएवर बसलेलेच नव्हते.

---

बेदाणा

असं होय! मग हे तर आमच्या पाण्याच्या पाळीसारखं झालं.

रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी सोडलंय. दारं धरणारा गडी सरी भरली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावतो, शेवटची सरी भरली की मोटर बंद करतो. त्याला झोप लागली, की पाणी सऱ्या भरून बांध फोडून शेजारच्या रानात जातं. सकाळी शेजाऱ्याचं रान ओलं. लांबून बघणारा म्हणणार, यानं काल पाणी पाजलं. त्याची मोटर तर बंद. आणि असल्या पाण्याचा त्याला उपयोग पण नसतो, नुसती दलदल होते. पीक त्यावर येत नाही.

तुमचं आयसीपी-२७ म्हणजे त्या गड्याला झोपवणारं. बरोबर का?

---

कृष्णाकाठ

बेदाणा, इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. परवानगी असेल तर पुढच्या वर्षी हेच सांगणार.

‘पीक येत नाही’ हे तर अगदी खरं. जनुकाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो, ते आरएनएत जोडावे लागतात. उंचवटा शेजारून आलेला असला, की त्या आरएनएत पुढच्या जनुकाचे तुकडे नीट जोडले जात नाहीत. कधी या जनुकाचा तुकडा त्या जनुकाच्या तुकड्याला चिकटतो. त्यातून कामाचं प्रथिन निघत नाही.

---

वारणाकाठचा, मूळ वाळवा तालुका, सध्या पुणे

कृष्णाकाठ ताई, धागा आवडला, पण एका बाजूला झुकतोय असं वाटतं म्हणून लिहितो. मी याच प्रकारच्या माहितीच्या विश्लेषणाचं काम करतो.

पाणी वाहून गेलं हे खरं. पण त्यावरून ‘चालू झालेलं सगळं खोटं’ असं कुणी समजलं तर मोठी चूक होईल. दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, पेशीचा स्वतःचा बचाव. केंद्रकाबाहेर डीएनए सापडला तर पेशी त्याला परका समजते. तिथून निरोप निघतो आणि इंटरफेरॉनचं जनुक उघडतं. इंटरफेरॉन बाहेर पडून शेजारच्या पेशींना सावध करतं आणि त्यांच्यातली शेकडो जनुकं उघडतात. ही जनुकं खरीखुरी उघडतात, त्यांची प्रथिनंही बनतात.

पण यातही मेख आहे. लाखो पेशी एकत्र वाटून मोजल्या की सरासरी येते, आणि सरासरीवरून वाटतं की प्रत्येक पेशी थोडी लागण झालेली आणि थोडी लढणारी. २०१९ साली एकेक पेशी सुटी करून मोजलेली कामं आली. त्यात दिसलं की इंटरफेरॉनची हाक देणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात, आणि त्यांच्यात विषाणू शिरूनही पुढं जाऊ न शकलेला असतो. ज्या पेशींत विषाणू मातलेला असतो तिथं हाक नसते. तिथं वेगळंच चाललेलं असतं. त्या पेशी गर्भावस्थेतल्या पेशींसारखी जनुकं उघडतात.

दोन, हीच गर्भातली जनुकं. यातलं डक्स-४ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मानवी गर्भ दोन ते चार पेशींचा असतो तेव्हा ते थोडा वेळ उघडतं, गर्भाची स्वतःची जनुकं जागी करायला मदत करतं आणि मग बंद होतं. पुढं बहुतेक सगळ्या शरीरात ते आयुष्यभर कुलपातच असायला हवं. स्नायूत ते चुकून उघडं राहिलं तर चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार होतो. इतकी जपून ठेवायची वस्तू. आणि हर्पीसची लागण झालेल्या पेशीत ती उघडलेली सापडते. सिम्प्लेक्सच नाही, हर्पीस कुळातल्या इतर विषाणूंतही.

अलीकडं तर असं दाखवलं गेलंय, की डक्स-४ काढून टाकलेल्या पेशींत हर्पीस सिम्प्लेक्सची वाढ फार मंदावते, आणि डक्स-४ विषाणूच्या डीएनएवरही जाऊन बसतं. म्हणजे इथं बांध फुटून पाणी आलेलं नाही. विषाणूला ते हवंच आहे.

---

कृष्णाकाठ

वारणाकाठचा, ही बाजू मांडलीत ते फार बरं झालं. ‘सगळं खोटं’ असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की आकड्यांच्या यादीत तिन्ही एकसारखे दिसतात: पेशीनं स्वतःहून उघडलेलं, विषाणूनं आपल्या सोयीसाठी उघडवलेलं, आणि वाहून आलेलं. ‘आठ पट वाढलं’ हा आकडा त्यातलं काय झालं ते सांगत नाही. रान ओलं आहे एवढंच सांगतो. मोटर कुणाची ते बघायला बांधावर जावं लागतं.

डक्स-४ बद्दल मलाही ओढ आहे. प्रत्येक घरात माळ्यावर पाळणा असतो. बारशाला काढला, बाळ मोठं झालं की फडक्यात गुंडाळून परत वर. घरात शिरलेला चोर दागिन्यांना हात न लावता माळ्यावरून पाळणा उतरवतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कळेना की त्याला पाळण्याचं काय काम. नंतर लक्षात आलं. गर्भाच्या त्या पहिल्या दिवसांत पेशीला एकच करायचं असतं: कुलपात असलेला डीएनए भराभर उघडायचा. विषाणूचा डीएनए केंद्रकात आला की पेशी त्यालाही गुंडाळून कुलपात घालायला बघते. विषाणूला तो उघडा हवा असतो. मग कुलपं उघडण्याचं ज्याचं कामच आहे त्याला उठवायचं.

पण यात आणखी एक गाठ आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. डक्स-४ जागं झालं की ते स्वतःची ठरलेली जनुकं उघडतं. त्यात ट्रिम-४३ नावाचं एक आहे. एरवी ते प्रौढ पेशींत जवळपास नसतंच. २०१९ साली असं दिसलं की ट्रिम-४३ हर्पीसला अडवतं. ते पेशीतल्या एका प्रथिनाची विल्हेवाट लावतं, त्यामुळं केंद्रकाच्या आतल्या अस्तराची ठेवण बदलते, आणि विषाणूचा डीएनए गुंडाळला जाऊन गप्प होतो. म्हणजे पाळणा उतरवला तर त्याच्याबरोबर पाळण्याला बांधलेला खुळखुळाही खाली आला. आता तो वाजणारच.

मग डक्स-४ कुणाच्या बाजूचं? मला वाटतं ‘बाजू’ हा शब्द इथं लागू होत नाही. पण तुम्ही काय म्हणता ते वाचायला आवडेल.

---

वारणाकाठचा

माझ्या मते जास्त करून विषाणूच्या. ट्रिम-४३ अडवतं खरं, पण सगळी गोळाबेरीज केली आणि डक्स-४ काढून टाकल्यावर वाढ मंदावत असेल, तर विषाणूला त्याचा फायदाच जास्त आहे.

आणि ताई, एक तांत्रिक शंका. तुमच्या विद्यार्थिनीच्या यादीत डक्स-४ होतं का? नसेल तर कारण कदाचित तिच्या गाळणीत आहे. डक्स-४ चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला असतं, आणि तिथं साधारण ३,३०० अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात ११ पासून १०० पर्यंत वेळा. आरएनएचे छोटे तुकडे वाचले की हा तुकडा यातल्या कुठल्या प्रतीतून आला ते संगणकाला ठरवता येत नाही. बहुतेकजण असे तुकडे सरळ टाकून देतात. मग वाहून आलेलं पाणी यादीत राहतं आणि खरी मोटर यादीतून गळते.

---

बत्तीस शिराळा

विषय उच्च आहे, मी सगळं समजल्याचा आव आणत नाही. पण नागीण हा पण हर्पीसच ना? मग मला बोलायचंय.

माझं गाव शिराळा. नागपंचमी म्हणजे आमच्या गावाचा जीव. माझ्या लहानपणी कुणाला नागीण झाली, की कुणी म्हणायचं नागाचा कोप झाला, नाग दुखावला गेला. कमरेला फोडांचा पट्टा यायचा आणि आजी सांगायची, नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो. मंत्र घालणारे होते, पाला वाटून लावणारे होते. माणसं बरी व्हायची. मी स्वतः बघितलंय, त्यामुळं ‘सगळी अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावायला माझं मन होत नाही.

परवा आईला उजव्या कुशीवर, बरगडीखाली आग व्हायला लागली. आज सकाळी पाठीपासून पुढं पोटापर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पुरळ. वय ६६. मंत्रवाल्या काकांचं वय झालंय, ते म्हणाले तू डॉक्टरकडं ने. तुम्ही सांगा, घाई आहे का?

---

कृष्णाकाठ

घाई आहे. आजच न्या. उद्यावर टाकू नका.

नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणूच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मणक्याशेजारी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात त्यात मुक्काम करतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीतून उठतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. पट्टा का दिसतो याचं उत्तर हेच: एका बाजूचा एक मज्जातंतू कातडीचा जेवढा पट्टा सांभाळतो, तेवढ्यातच फोड येतात. उजव्या बाजूचा मज्जातंतू उजव्याच बाजूला. पाठीच्या आणि पोटाच्या मधल्या रेषेपाशी पट्टा सहसा थांबतो. म्हणून टोकं जुळत नाहीत.

आणि माणसं बरी व्हायची हे तुम्ही खरंच बघितलंय. निरोगी माणसाची नागीण दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते. मागं राहते ती दुखण्याची भीती. काहींना फोड गेल्यावरही महिनोन् महिने त्या जागी कपडा लागला तरी आग होते, आणि वय जास्त तसा हा धोका जास्त. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या सगळ्यात चांगल्या. तुमच्या काकांनी डॉक्टरकडं न्या म्हटलं, माझा त्यांना नमस्कार.

---

औषधवाला विटा

शिराळकर दादा, मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर द्या, पाणी भरपूर प्यायला लावा. किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्यावर ठरतो. चेहऱ्यावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ पुरळ आलं तर मात्र डोळ्याच्या डॉक्टरांकडं तातडीनं. लस पण आहे, ५० वर्षांपुढं दोन डोस, पण ती आत्ता नाही. आधी हे बरं होऊ द्या, मग विचारा.

धाग्याला धरून एक गोष्ट. असायक्लोविर ही गोळी पोटात गेली तरी निरोगी पेशीत जवळपास निष्क्रियच असते. हर्पीस आपल्या डीएनएसाठी थायमिडीन कायनेज नावाचं एक एन्झाइम स्वतः बनवतो. ते एन्झाइम या औषधाला पहिला फॉस्फेट चिकटवतं, पुढचे दोन पेशी चिकटवते, आणि तेव्हा कुठं ते विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच थांबवणारं होतं. म्हणजे विषाणूचं जनुक चालू झालं नाही तर औषधही चालू होत नाही. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाचं हे काम, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. कॉलेजात शिकलो तेव्हापासून हे औषध हातात घेतलं की मला त्यांची आठवण येते.

आणि कृष्णाकाठ ताई, स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानदाराचा मला राग येतो. आमच्या पेशाला हे शोभत नाही.

---

हरिपूरकर

धागा सलग वाचला. एक प्रश्न राहिला. विषाणू वर्षानुवर्षं गाठीत गप्प बसतो, तेव्हा त्याची जनुकं बंद कशी राहतात? तिथं व्हीपी-१६ पोचत नाही का?

आमच्याकडं हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, तोंड बारीक, आत हळद भरून वरून लिंपून टाकायची. वर्षं जायची, हळदीला कीड नाही. भाव आला की उघडायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. हर्पीसचं पेव कोण लिंपतं आणि कोण उघडतं, ते सांगा.

---

कृष्णाकाठ

हरिपूरकर, पेव हा शब्द मी आजवर इथं का वापरला नाही, असं वाटलं.

ओठावरच्या कातडीतून विषाणू मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतून वर, कानाच्या पुढं कवटीच्या आत असलेल्या गाठीतल्या पेशीपर्यंत जातो. पेशीच्या मानानं हा फार लांबचा प्रवास. कवच पोचतं, पण शिदोरीतलं व्हीपी-१६ त्याच्याबरोबर केंद्रकापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय मज्जापेशीत ते गावातलं माणूस, एचसीएफ-१, केंद्रकात नसतं, बाहेर बसलेलं असतं. त्यामुळं पहिली कळ दाबली जात नाही. पेशी विषाणूचा डीएनए हिस्टोन नावाच्या रिळासारख्या प्रथिनांवर गुंडाळून टाकते. पेव लिंपलं जातं ते असं. एकाच भागाचा आरएनए, ज्याला लॅट म्हणतात, तेवढा तयार होत राहतो.

ताप, कडक ऊन, मोठा ताण, काहींना पाळी, अशा वेळी पेशी स्वतःच अडचणीत येते. तिचे ताणाचे निरोप जे हिस्टोन सैल करतात त्यात विषाणूच्या डीएनएवरचेही असतात. एचसीएफ-१ केंद्रकात येतं. पेवाचं तोंड आतून कुणी उघडत नाही, वरची जमीन हलते. आमच्या आण्णांच्या बाबतीत तीन दिवसांच्या तापानं ती हलली.

---

बत्तीस शिराळा

आईला काल दुपारीच नेलं. नागीणच. गोळ्या सुरू केल्यात, ७२ तासांच्या आत बसलो. आग अजून आहे, रात्री झोप लागली नाही तिला. पण मधल्या रेषेचं सांगितलं. तिनं आरशात बघून स्वतः खात्री केली, पाठीचं मला बघायला लावलं. “जुळत नाहीत ना?” दोनदा विचारलं. मग चहा घेतला.

---

येरळा

मी मॅडमची ती विद्यार्थिनी. सगळ्यांचं वाचलं. बेदाणा काकांचं वाचून यादी पुन्हा लावली. प्रत्येक जनुकाच्या आधीची मोकळी जागा तपासली, ती ओली असेल तर ते जनुक बाजूला काढलं. शेकडोंची यादी बरीच आखूड झाली. उरलेल्यांचा उंचवटा स्वतःच्या सुरुवातीपासून चढतो, आणि तुकडेही नीट जोडलेले दिसतात.

वारणाकाठचे सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डक्स-४ माझ्या यादीत नव्हतं. मी एकापेक्षा जास्त जागी बसणारे तुकडे सुरुवातीलाच टाकून दिले होते, शिकवणीच्या पानावर तशीच आज्ञा होती आणि मी ती का, हे विचारलं नव्हतं. आता तो नियम काढून, सगळ्या प्रती एकत्र धरून पुन्हा लावलंय. विभागातला संगणक जुना आहे, रात्रभर लागेल. लाइट गेली तर म्हणून शिपाई मामांना इन्व्हर्टर चालू ठेवायला सांगून आलेय.

---

बेदाणा

पोरी, सकाळी काय ते लिही. मी पाचला पाणी सोडायला उठतोच.